सतरा लाख टाके

वाई

चि. छकुलीस,


काल तुझा फोन झाल्यापासून मनात तुझंच घोळतंय. ऑगस्टमध्ये तू मेरीलंडला आत्याकडे उतरणार, कॉलेज सुरू व्हायला मध्ये दहाएक दिवस मिळणार, आणि तेवढ्यात वॉशिंग्टनमधली अकरा संग्रहालयं 'उरकून टाकायची' यादी तू करून ठेवली आहेस, हे किती उत्साहाने सांगितलंस! मी फोनवर काही बोलले नाही, कारण उत्साहात असलेल्या माणसाला मध्येच टोकू नये. पण आज पहाटे साडेचारला उठले, चहा घेतला, तुळशीला पाणी घातलं, आणि अंगणात गारवा आहे तोवर हे पत्र लिहायला बसले आहे. तू चांगली आहेस, हे मला कुणी सांगायला नको. भातुकलीतल्या बाहुलीला थंडी वाजेल म्हणून स्वतःचा रुमाल पांघरणारी मुलगी परदेशी गेली म्हणून बदलत नसते. मला काळजी वाटते ती एकाच गोष्टीची, तुझ्या घाईची.

त्या अकरांपैकी एकाविषयीच मी लिहिणार आहे, कारण तिथे मी स्वतः जाऊन आले आहे. अमेरिकन इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय, स्मिथसोनियनचं. आत्याकडे सहा महिने राहिले तेव्हा ती मला घेऊन गेली होती. सकाळी दहाला दार उघडतं आणि तिकीट नाही, हे आधी लक्षात ठेव. तिकीट काढलं की माणसाला पैसे वसूल करायची घाई होते. इथे तसं नाही. एका दिवशी एकच दालन बघावं, घरून नेलेली पोळीभाजी बाहेरच्या बाकावर बसून खावी, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं. मात्र दहाच्या आधी दाराशी उभी राहा. पहिल्या तासात गर्दी नसते, आणि कापडाजवळ शांतपणे उभं राहायला मिळणं फार मोलाचं असतं. (तुला आता पहाटे उठायची सवय राहिली नाही, असं तुझी आई म्हणाली. राहील गं, दोन दिवसांत अंगवळणी पडेल.)

मी बत्तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं, त्यामुळे कुठेही गेले तरी माझी नजर आधी टाक्याकडे जाते. तिथे आत शिरले आणि अंधाऱ्या खोलीत तो झेंडा पाहिला. फोर्ट मॅकहेन्रीवरचा, १८१३ सालचा. पुढच्या वर्षी सप्टेंबरात इंग्रजांच्या आरमाराने त्या किल्ल्यावर रात्रभर तोफा डागल्या आणि सकाळी हाच झेंडा फडकताना दिसला, म्हणून एका वकिलाने कविता लिहिली, आणि तीच १९३१ साली त्यांचं राष्ट्रगीत झाली. हे सगळं तुला पुस्तकात सापडेल. मला सांगायचंय ते शिवणाचं.

बाल्टिमोरच्या मेरी पिकर्सगिल या बाईंचा झेंडे शिवायचा धंदा होता. त्यांनी, त्यांच्या मुलीने, भाच्यांनी, आणि ग्रेस विशर नावाच्या कराराने बांधलेल्या एका काळ्या मुलीने मिळून तो शिवला. ग्रेसचं नाव पुष्कळ वर्षं कुणी घेत नव्हतं, म्हणून मी मुद्दाम लिहिते. झेंडा मूळचा तीस फूट रुंद आणि बेचाळीस फूट लांब. आता तू मनातल्या मनात माझं नऊवारी उलगड बघू. ते सत्तावीस फूट. म्हणजे अख्खं नऊवारी आडवं धरलं तरी झेंड्याची नुसती रुंदी भरायला तीन फूट कमीच पडणार. घरात मावेना, तेव्हा शेजारच्या दारूच्या भट्टीच्या मोठ्या जमिनीवर तो पसरून जोडला. लोकरीचं विरळ कापड, त्यावर सुती तारे, एकेक तारा दोन फुटांचा. सहा-सात आठवड्यांत काम पुरं केलं. वेगाने झालं खरं, पण त्या वेगात घाई नव्हती, कारण हात आधीच वर्षानुवर्षं बसलेला होता. दोन्हींतला फरक तुला पोळ्या लाटताना आईच्या हातात दिसेल.

पुढे झेंडा एका घराण्याकडे राहिला, आणि आठवण म्हणून द्यायला त्याचे तुकडे कातरले गेले. असे करत करत आठेक फूट लांबी गेली आणि पंधरापैकी एक तारा गेला. संग्रहालयात आला तेव्हा तो पार जीर्ण झाला होता. १९१४ साली अमेलिया फाउलर या बाईंनी आपल्या हाताखालच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना घेऊन त्याला मागून लिननचं अस्तर लावलं, आणि ते धरून ठेवायला साऱ्या झेंड्यावर जाळीसारखे टाके घातले. किती, माहीत आहे? सुमारे सतरा लाख. मी आकडा वाचला आणि तिथल्या बाकावर बसले. मुलींना एका रुमालाला हेम घालायला सांगितलं तर तिसऱ्या दिवशी कुरकुर सुरू व्हायची!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ऐंशीहून अधिक वर्षं त्या टाक्यांनी झेंडा सांभाळला, आणि मग ते अस्तरच त्याला जड होऊ लागलं, ओढू लागलं. १९९९ साली संवर्धनाचं काम सुरू झालं तेव्हा ते सतराच्या सतरा लाख टाके एकेक करून कापून काढले गेले. झेंड्यावर पूल बांधला होता, त्यावर पालथं पडून संवर्धन करणारी माणसं काम करत. नंतर तोंडाला पावडर लावायचा असतो तसल्या कोरड्या स्पंजने टिपून टिपून शंभर वर्षांची धूळ उचलली. साबण नाही, घासणं तर नाहीच. टाके घालणाऱ्या बाईंचं काम चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या काळात जे उत्तम होतं ते त्यांनी केलं, आणि काढणाऱ्यांनी त्यांचा मान राखूनच ते काढलं. उसवणं हे शिवण्याइतकंच नाजूक काम आहे, हे मी वर्गात नेहमी सांगायचे. तिथे ते मला एवढं मोठं होऊन समोर दिसलं.

आता तू म्हणशील, आजी, एवढी मोठी वस्तू आणि उजेड का इतका कमी? अगं, उजेडच कापडाला खातो. खिडकीतल्या पडद्याची बाहेरची बाजू फिकी होते ते आपण रोज बघतो. संग्रहालयात जुन्या कापडावर साधारण पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, म्हणजे आपल्या माजघरात पूर्वी संध्याकाळी असायचा तेवढा मंद. आणि एवढं करूनही एखादी गोष्ट काही महिने मांडली की पुढे काही वर्षं तिला अंधारात विश्रांती देतात. त्या मंद खोलीत शिरलीस की लगेच मोबाइल काढू नकोस. डोळे मिटून वीस आकडे मोज आणि मग बघ. हळूहळू लाल रंग वर येतो, शिवण दिसते, ठिगळ दिसतं. पाच मिनिटं थांबणाऱ्यालाच ते दिसतं.

या विश्रांतीमुळेच मला जे बघायचं होतं ते मात्र बघायला मिळालं नाही. त्याच संग्रहालयात सुमारे पाचशे क्विल्ट आहेत. मी त्यांना गोधड्याच म्हणते. वरचं कापड, मधला कापूस, खालचं कापड आणि तिन्ही धरणारा धावदोरा, मग दुसरं काय म्हणायचं? त्यांतली एक हॅरिएट पॉवर्स यांची. त्यांची गोष्ट मी आत्याच्या घरच्या एका पुस्तकात वाचली होती आणि तिच्यासाठीच गेले होते. गोधडी पेटीत निजलेली होती. आत्याला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, थकलेल्या माणसाला उठवू नये.

हॅरिएटबाई १८३७ साली जॉर्जियात गुलाम म्हणून जन्मल्या. गुलामगिरी संपली तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. (ज्या यादवी युद्धाने ती संपवली, त्याच युद्धात अमेरिकेचा कापूस विलायतेला जाईना म्हणून आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला, १८६५ साली युद्ध थांबलं आणि तो पूर ओसरून कित्येक पेढ्या बुडाल्या. कापसाचा एक धागा किती लांबच्या माणसांना बांधतो बघ. घाईने श्रीमंत झालेल्यांचं काय झालं, तेही बघ.) पुढे नवरा-बायकोने अथेन्स गावाजवळ थोडी जमीन केली, आणि बाईंनी बायबलातल्या गोष्टींची एक गोधडी शिवली. अकरा चौकटी. आदम आणि हव्वा, साप, याकोबाची शिडी, शेवटचं भोजन. कापडाची माणसं कातरून, कापडाची जनावरं कातरून, ती खालच्या कापडावर लावलेली.

१८८६ साली अथेन्सच्या कापूस-जत्रेत ती मांडली होती. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी ती पाहिली आणि विकत मागितली. हॅरिएटबाई म्हणाल्या, कुठल्याही किमतीला नाही. चारेक वर्षं गेली, ओढगस्तीचे दिवस आले. तेव्हा त्या बैलगाडीत बसून, गोधडी मांडीवर घेऊन, स्वच्छ पिठाच्या पोत्यात आणि वर आणखी एका पोत्यात गुंडाळून घेऊन आल्या. दहा डॉलर मागितले. जेनीबाईंकडे पाचच होते. नवऱ्याशी बोलून, मन घट्ट करून बाईंनी पाचाला दिली. देण्याआधी मात्र एकेका चौकटीचा अर्थ समजावून सांगितला, आणि जेनीबाईंनी तो लिहून ठेवला. म्हणून आज आपल्याला कळतं की कुठला ठिपका तारा आणि कुठला ठिपका चांदीचं नाणं. आपल्या उरलेल्या चिंध्या तुमच्यासाठी राखून ठेवीन, असं जेनीबाईंनी कबूल केलं, तेव्हा कुठे त्यांना थोडं बरं वाटलं. आणि नंतरही त्या अनेकदा आपली गोधडी बघायला त्यांच्या घरी येत राहिल्या. लेक सासरी दिल्यावर आई येते, तशी.

ही गोष्ट मी किती वेळा मनात घोळवली असेल! पोतं स्वच्छ होतं, हे मला सगळ्यात जास्त लागतं. एवढ्या टंचाईत, विकायला निघालेल्या वस्तूसाठी त्या बाईने आधी पोतं धुतलं असेल, वाळवलं असेल. हात कुणाचे आहेत ते अशा ठिकाणी कळतं.

बाईंची दुसरी गोधडी बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे, पंधरा चौकटींची. तिच्यात बायबलाबरोबर लोकांच्या तोंडी राहिलेल्या गोष्टीही आहेत. १७८० सालच्या मे महिन्यात भर दिवसा अंधार झाला तो दिवस, आणि १८३३ च्या नोव्हेंबरात आभाळातून ताऱ्यांचा पाऊस पडला ती रात्र. दोन्ही त्यांच्या जन्माआधीच्या. आजीने, शेजारणीने सांगितलेलं त्यांनी ऐकून मनात ठेवलं आणि साठीला टेकताना कापडावर उतरवलं. एवढा वेळ एक गोष्ट मनात सांभाळता येते, छकुले.

आणि एक सांगते, म्हणजे तुझा गैरसमज व्हायला नको. त्यांनी हाताबरोबर मशीनवरही शिवलं आहे. मी मशीनला नावं ठेवणारी नाही. माझं पायाचं मशीन अजून खिडकीशी आहे आणि दर शनिवारी मी त्याला तेल घालते. मशीन चालवताना मन जाग्यावर हवं, एवढंच माझं म्हणणं.

आता घडीचं सांगते. मी माझ्या पैठणीची घडी दर सहा महिन्यांनी का मोडते, असं तू एकदा विचारलं होतंस, आणि मी 'अशीच रीत आहे' म्हणून तुला उडवून लावलं होतं. ते बरं केलं नाही. माझ्या आईचा शालू वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिला आणि घडीघडीवर चिरला, हे त्याचं कारण. संग्रहालयातसुद्धा हेच करतात. मोठं कापड जाड नळकांड्यावर गुंडाळतात, मध्ये मऊ कागद घालतात. घडी घालावीच लागली तर वळणाच्या जागी कागदाची गुंडाळी ठेवतात आणि अधूनमधून घडीची जागा बदलतात. कीड असली तर कापड गोठवतात. आपण लवंगा आणि कडुनिंबाची पानं घालतो, जुन्या धुवट धोतराच्या मऊ कापडात बांधतो. जिव्हाळा तोच.

पण काही कापडांना कितीही सांभाळलं तरी ती टिकत नाहीत, तीही बघ. १८७६ साली फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरलं, तिथे जपानी वस्तू पाहून लोक वेडे झाले, आणि पुढे घरोघर वेड्यावाकड्या रेशमी तुकड्यांच्या गोधड्या करायची टूम निघाली. क्रेझी क्विल्ट म्हणतात. मखमल, रेशीम, त्यावर साखळी टाका, गाठीचा टाका, कोळ्याची जाळी. शिवणाच्या बाईला तर पर्वणीच. त्यांतलं भरतकाम अजून ताजं आहे आणि खालचं रेशीम मात्र भुगा होऊन गळतंय. त्याचं कारण ऐक. रेशमाचा डिंक धुऊन काढला की त्याचं वजन चौथाईने कमी होतं, आणि रेशीम विकायचं वजनावर. तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याला कथलाचे, लोखंडाचे क्षार पाजून वजन भरून काढलं. हातात घेतलं की भारी वाटायचं, सळसळायचं. तेच क्षार आतून त्याला खात राहिले. बायकांनी जीव ओतून टाके घातले आणि दगा दिला तो झटपट पैशाच्या हव्यासाने. मला त्याचा अजून राग येतो.

आपल्याकडची ओळखीची माणसं भेटावीत तसे तुला तिथे शब्दही भेटतील. 'पॅलमपोर' अशी पाटी दिसली तर थांब. तो आपला पलंगपोस! कोरोमंडलच्या किनाऱ्यावर कलमाने रंगवलेली, मध्ये फुलांनी लदलेलं झाड असलेली ती मोठी सुती चादर. अमेरिकेतल्या घरांत ती इतकी मोलाची होती की तिच्या फाटक्या तुकड्यातली फुलं-पक्षीसुद्धा कातरून घेत आणि पांढऱ्या कापडावर लावून नवी गोधडी करत. दोनशे वर्षांपूर्वीची ती काटकसर! तसाच 'बंडाना' म्हणजे बांधणी. आणि कामकरी माणसं घालतात त्या जाड्याभरड्या कापडाचं 'डंगरी' हे नाव आलं आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून.

कामाच्या कपड्यांवरून आठवलं. अलाबामा नदीच्या वळणावर गीज बेंड नावाचं काळ्या लोकांचं गाव आहे. तिथल्या बायकांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात मांडल्या आणि साऱ्या देशाचे डोळे उघडले. मिसूरी पेटवे या त्या गावच्या. १९४२ साली त्यांचा नवरा वारला. त्यांनी लेकीला, अर्लोन्झियाला, हाताशी घेतलं, त्याचे शेतातले कामाचे कपडे फाडले, आणि त्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली निजता यावं म्हणून. विजारीचे गुडघे जिथे विटले होते ते तसेच दिसतात, खिसा काढला तिथला रंग गडद राहिलेला दिसतो. अर्लोन्झिया तेव्हा साधारण तुझ्याच वयाची, सतरा-अठराची. पुढे सगळ्या जगाला ही गोष्ट तिनेच सांगितली.

मी काय म्हणतेय ते तुला कळलंच असेल. तुझे आजोबा गेले तेव्हा मी त्यांचे सदरे आणि माझी दोन लुगडी मिळून जी गोधडी घातली, ती तू लहानपणी पांघरायचीस, आणि तसलीच छोटी एक तुझ्यासोबत न्यायची म्हणून दिवाळीत तू घालायला घेतलीस. पाच ओळी घातल्यास आणि राहिली. आता काल म्हणालीस, आजी, उरलेली टेलरकडे देऊन टाकू का? देऊ नकोस गं. निघण्याआधी पुरी करायचीही गरज नाही. अशीच ने, सुई टोचून, दोऱ्याची रीळ सोबत घालून. तिकडे हिवाळ्यात लवकर अंधारतं. रोज झोपण्याआधी एक ओळ घाल. टाका मोठा पडला तर उसव. वर्ष लागलं तर लागू दे.

आणि ती यादी अकराची एकावर आण, निदान पहिल्या आठवड्यात. आत्याला त्रास देऊ नकोस, सकाळची पहिली मेट्रो धर. झेंड्यासमोर बैस. मग चौकशीच्या खिडकीशी जाऊन नम्रपणे विचार, की हॅरिएट पॉवर्स यांची गोधडी सध्या बाहेर मांडली आहे का. नसेल तर पुढच्या वर्षी विचार, त्याच्या पुढच्या वर्षी विचार. चार वर्षं आहेस तू तिथे. आणि ज्या दिवशी ती दिसेल त्या दिवशी फोटो पाठवू नकोस. समोर उभी राहून अकराही चौकटी नीट बघ, आणि घरी येऊन मला पत्र लिही, हाताने, की याकोबाच्या शिडीचं कापड कुठल्या रंगाचं आहे.

तुझी वाट बघणारी,
आजी